पाटी नसलेलं दार

१९८४ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन ॲव्हेन्यूवर, ३७व्या आणि ३८व्या रस्त्यांच्या मधल्या पट्ट्यात, एक छोटं हॉटेल सुरू झालं. खोल्या अवघ्या ११३. दर्शनी भिंतीवर नावाची पाटी नाही. ज्याला ठाऊक असेल त्याने दार ढकलून आत यावं. हॉटेलचं नाव ‘मॉर्गन्स’. ते काढणारे इयन श्रेगर आणि स्टीव्ह रुबेल हे दोघे मित्र तीनच वर्षांपूर्वी तुरुंगातून सुटले होते. त्याआधी साऱ्या शहरात त्यांचं नाव झालं होतं ते ‘स्टुडिओ ५४’ या नाइट क्लबमुळे, म्हणजे पहाटेपर्यंत चालणारं संगीत, दाराबाहेरची झुंबड आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांतली छायाचित्रं यांमुळे. अशा दोघांनी नवा धंदा मांडायला निवडलेला भाग होता मरे हिल. मॅनहॅटनच्या ऐन मध्यावर असूनही संध्याकाळी सातनंतर सामसूम होणारा.

‘बुटीक हॉटेल’ या प्रकाराचा इतिहास सांगताना बहुधा मालक, डिझायनर आणि तिथे उतरलेले तारे-तारका यांचीच नावं येतात. शेजाराचा उल्लेख एखाद्या ओळीत उरकतो. पण अशा हॉटेलात उतरणारा पाहुणा ज्या गोष्टीसाठी चार पैसे जास्त मोजतो, ती शांत गल्ली, ती जुन्या घरांची रांग, तो रहदारीचा अभाव, यांतलं काहीही हॉटेलवाल्याने तयार केलेलं नसतं. ते आधीच्या रहिवाशांनी जपलेलं असतं, आणि जपण्यासाठी त्यांनी करार केलेले, पैसा ओतलेला, कोर्टाच्या पायऱ्या चढलेल्या असतात. मरे हिलमध्ये ही सारी हकिगत दस्तऐवजांत सापडते, म्हणून ती मुळापासून पाहण्याजोगी आहे.

रॉबर्ट मरे हा क्वेकर पंथाचा व्यापारी. अठराव्या शतकाच्या मध्यानंतर त्याने शहराकडून ही टेकडी भाडेपट्ट्याने घेतली आणि माथ्यावर ‘इन्क्लेनबर्ग’ नावाचं ऐसपैस घर बांधलं. शहर तेव्हा बेटाच्या दक्षिण टोकाला सामावलेलं होतं. इथे सगळी शेतं आणि बागा. १५ सप्टेंबर १७७६ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, ब्रिटिश फौजा जवळच्या किप्स बे या किनाऱ्यावर उतरल्या. जनरल विल्यम हाव आपल्या अधिकाऱ्यांसह मरे यांच्या घरी थांबले. रॉबर्टची बायको मेरी लिंडली मरे हिने त्यांना केक आणि मदेरा वाइन देऊन असं काही गुंतवून ठेवलं की तेवढ्या वेळात जनरल पटनम यांचे अमेरिकन सैनिक बेटाच्या पश्चिम बाजूने उत्तरेकडे निसटले, अशी आख्यायिका आहे. मेरीने हे मुद्दाम केलं का, याबद्दल इतिहासकार साशंक आहेत. तरी पार्क ॲव्हेन्यू आणि ३७व्या रस्त्याच्या परिसरात तिच्या नावाची स्मृतिशिळा उभी आहे. या टेकडीच्या सर्वांत जुन्या गाजलेल्या गोष्टीचा विषय पाहुणचार हा आहे, हे लक्षात ठेवण्यासारखं.

१८११च्या नगररचना आराखड्याने मॅनहॅटनवर सरळ रेषांचं जाळं आखलं. रस्त्यांना नावांऐवजी आकडे मिळाले आणि शहर टप्प्याटप्प्याने उत्तरेकडे सरकू लागलं. ते कसं सरकत होतं, हे मरे यांचे वारस पाहत होते. आज जिथे श्रीमंतांची घरं, तिथे दहा-पंधरा वर्षांत दुकानं, मग गोदामं, मग कारखाने, असा क्रम ठरून गेला होता. रहिवासी घर विकून आणखी वर जात, आणि दुकानं त्यांच्या मागोमाग येत.

१८४७ मध्ये मरे यांच्या वारसांनी यावर उपाय केला. जमिनीचे तुकडे विकताना त्यांनी खरेदीखतांना एक अट कायमची जोडली. इथे विटांची किंवा दगडांची राहती घरंच उभी राहतील. त्यांच्याबरोबर चर्च आणि घरमालकाचा खासगी तबेला चालेल. कारखाना, दुकान, गुत्ता चालणार नाही. साधारण मॅडिसन ते लेक्झिंग्टन ॲव्हेन्यू आणि ३४वा ते ३८वा रस्ता एवढ्या भागाला ही अट लागू झाली. ‘मरे हिल रिस्ट्रिक्शन’ या नावाने ती ओळखली जाते. शहराला जमीनवापराचे नियम घालणारा सर्वंकष कायदा १९१६ साली मिळाला. त्याच्या जवळजवळ सत्तर वर्षं आधी एका कुटुंबाने आपल्या टेकडीपुरता तो करून ठेवला होता. जमीन हातोहात विकली गेली, मरे घराणं विखुरलं, पण अट जमिनीला चिकटून राहिली.

शांततेवर पहिलं संकट आलं ते रेल्वेचं. न्यूयॉर्क अँड हार्लेम रेलरोड कंपनीने १८३०च्या दशकात या टेकडीचा खडक फोडून फोर्थ ॲव्हेन्यूच्या मधून उघडा खंदक खणला होता. त्यातून गाड्या जात, धूर वर येई. १८५०च्या दशकात तो खंदक वरून झाकला गेला आणि झाकलेल्या भागावर झाडं, गवत लावण्यात आलं. हिरवळीमुळे रस्त्याच्या त्या तुकड्याला पार्क ॲव्हेन्यू म्हणू लागले. पुढे उत्तरेला मैलोन् मैल गेलेल्या आणि जगभर श्रीमंतीची खूण ठरलेल्या त्या पत्त्याचा जन्म असा एका बोगद्याच्या छपरावर झाला. ४२व्या रस्त्याच्या दक्षिणेला वाफेच्या इंजिनांना त्याच दशकात बंदी झाली. खालून डबे घोडे ओढू लागले.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. टेकडीवरून हुसकलेला गोंगाट नाहीसा होत नव्हता, तो पूर्वेला सरकत होता. १८७८ मध्ये थर्ड ॲव्हेन्यूवर उंच लोखंडी खांबांवरून धावणारी रेल्वे सुरू झाली. तिच्या रुळांलगतच्या चाळवजा इमारतींत कामगार आणि नव्याने आलेले आयरिश, इटालियन कुटुंबकबिले राहत. कोळशाची राख त्यांच्या खिडक्यांतून आत येई, आणि खालचा रस्ता भर दुपारी अंधारा असे. ती रेल्वे १९५५ मध्ये बंद झाली. म्हणजे पाऊण शतकाहून अधिक काळ, लेक्झिंग्टनच्या एका बाजूला करारात लिहिलेली शांतता आणि एकच ॲव्हेन्यू ओलांडला की डोक्यावरून धडधडणाऱ्या गाड्या, अशी या भागाची फाळणी होती. शांतता कोणाच्या वाट्याला यायची हे तेव्हाही खिशावर ठरत होतं.

टेकडीवरचा सर्वांत बडा रहिवासी म्हणजे बँकर जे. पी. मॉर्गन. मॅडिसन ॲव्हेन्यू आणि ३६व्या रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या २१९ क्रमांकाच्या घरात तो १८८२ मध्ये राहायला आला. थॉमस एडिसनच्या विजेवर त्याने पैसा लावला होता, तेव्हा सबंध घर विजेच्या दिव्यांनी उजळायचं त्याने ठरवलं. खासगी घरात असं करणाऱ्या पहिल्या मोजक्या माणसांत त्याची गणना होते. वीज बाहेरून मिळण्याची सोय नव्हती, म्हणून आवारात तळघर खणून तिथे जनित्र बसवलं. ते सुरू झालं की शेजारच्या बाईंचं घर हादरू लागे. त्यांनी तक्रार केली. मॉर्गनने यंत्राखाली रबरी थर घातला, तळघराच्या भिंतींना वाळूची पोती लावली. आवाज कमी झाला. मग हिवाळ्यात वाफेच्या नळ्यांवरच्या उबदार जागेत गल्लीतली मांजरं गोळा होऊन ओरडू लागली, त्याचीही तक्रार आली. अर्थव्यवस्था हलवण्याची ताकद असलेल्या माणसालाही या गल्लीत शेजाऱ्याच्या झोपेचा हिशेब द्यावा लागत होता.

याच मॉर्गनने १९०२ ते १९०६ या काळात घराला लागून आपल्या ग्रंथसंग्रहासाठी संगमरवरी वास्तू बांधली. वास्तुविशारद चार्ल्स मॅकिम याने दगड इतके काटेकोर घडवून घेतले की ग्रीक पद्धतीने ते जवळजवळ चुन्याशिवाय एकमेकांवर बसले. १९०७ च्या आर्थिक संकटात शहरातल्या बँकर मंडळींना मॉर्गनने याच ग्रंथालयात रात्रभर बसवून ठेवलं, दाराला कुलूप घातलं आणि एकमेकांना सावरण्यासाठी पैसे द्यायला भाग पाडलं. १९२४ मध्ये त्याच्या मुलाने ते ग्रंथालय सार्वजनिक केलं. हॉटेलचं ‘मॉर्गन्स’ हे नाव याच शेजाऱ्यावरून आलं.

हॉटेल नावाच्या गोष्टीशी या परिसराची आधीची एक गाठ मात्र कटू होती. मरे हिलच्या नैर्ऋत्य कडेला, फिफ्थ ॲव्हेन्यू आणि ३४व्या रस्त्याच्या नाक्यावर ॲस्टर घराण्याचे दोन वाडे शेजारी शेजारी होते. एकात न्यूयॉर्कच्या उच्चभ्रू समाजाची सर्वेसर्वा कॅरोलिन ॲस्टर राहत असे; दुसरा तिचा पुतण्या विल्यम वॉल्डॉर्फ ॲस्टर याचा. काकू-पुतण्यात वैर होतं. पुतण्याने आपला वाडा पाडून त्या जागी १८९३ मध्ये तेरा मजल्यांचं ‘वॉल्डॉर्फ’ हॉटेल उभं केलं. काकूच्या बागेवर सावली पडली, दारात गाड्यांची रीघ लागली. तिनेही अखेर घर सोडलं, आणि तिच्या मुलाने त्या जागी १८९७ मध्ये ‘अस्टोरिया’ बांधलं. दोन्ही हॉटेलं जोडून हजारभर खोल्यांचं ‘वॉल्डॉर्फ-अस्टोरिया’ झालं, जगातलं सर्वांत नावाजलेलं. १९२९ मध्ये तेही पाडलं गेलं आणि त्या जागेवर एम्पायर स्टेट बिल्डिंग उभी राहिली. एका हॉटेलाने दोन वाडे आणि एक शेजार कसा गिळला, हे मरे हिलकरांनी खिडकीतून पाहिलं होतं.

मागोमाग व्यापार आला, पण तो टेकडीच्या पश्चिम उतारावर, फिफ्थ ॲव्हेन्यूवर थबकला, आणि आला तोही पोशाख बदलून. १९०६ मध्ये ‘बी. आल्टमन’ हे मोठं डिपार्टमेंट स्टोअर ३४व्या रस्त्यावर आलं ते इटालियन महालाच्या रूपात, म्हणजे आजूबाजूच्या वाड्यांत उठून दिसू नये अशा बेताने. ३७व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर त्याच सुमारास ‘टिफनी’ या जवाहिऱ्यांचं दुकान झालं. व्हेनिसच्या एका महालावरून बेतलेल्या त्या इमारतीवर अनेक वर्षं दुकानाचं नावच नव्हतं; खांद्यावर घड्याळ पेललेला ॲटलासचा पुतळा हीच ओळख. दारावर पाटी न लावता प्रतिष्ठा मिरवण्याची रीत या भागात अशी फार आधी रुजलेली होती.

करारातल्या अटीवरून पुढे कोर्टकज्जे झाले. दुकानांसाठी जागा हवी असणारे मालक एका बाजूला, अट टिकावी म्हणून झगडणारे रहिवासी दुसऱ्या बाजूला. मोठी एकेका कुटुंबाची घरं चालवणं पहिल्या महायुद्धानंतर कठीण झालं होतं. नोकर मिळत नव्हते, कर वाढले होते. मग या घरांचे क्लब झाले, संस्थांची कार्यालयं झाली, वकिलाती झाल्या. मॅडिसन ॲव्हेन्यू आणि ३७व्या रस्त्याच्या कोपऱ्यावरची डे लामार हवेली याचं ठळक उदाहरण. खलाशी म्हणून आयुष्य सुरू करून खाणींत गडगंज झालेल्या जोसेफ डे लामार याने ती बांधून घेतली. त्याच्या मृत्यूनंतर ती हातोहात फिरली आणि १९७३ पासून तिथे पोलंडचा वाणिज्य दूतावास आहे. तिला लागूनच उत्तरेला, १९२०च्या दशकात, ‘ड्युएन’ नावाचं उभट, निरुंद हॉटेल बांधलं गेलं होतं. पुढे त्याचं नाव ‘एक्झिक्युटिव्ह’ झालं. साठ वर्षांत ते जुनाट आणि कोणाच्या खिजगणतीत नसलेलं हॉटेल बनलं. हेच पुढचं ‘मॉर्गन्स’.

या साठ वर्षांत अमेरिकेतला हॉटेलचा धंदा मात्र पार बदलून गेला. एल्सवर्थ स्टॅटलर याने १९०८ मध्ये बफलो शहरात दीड डॉलरला खोली आणि खोलीगणिक न्हाणीघर देणारं हॉटेल काढलं. एकाच नळमार्गावर एकावर एक न्हाणीघरं रचून त्याने हा खर्च बसवला. १९५२ मध्ये केमन्स विल्सन याने मेम्फिसला पहिलं ‘हॉलिडे इन’ उघडलं. कुटुंबासह केलेल्या प्रवासात प्रत्येक मुलामागे वेगळे पैसे मोजावे लागले, खोल्याही कळकट निघाल्या, त्या संतापातून त्याला ती कल्पना सुचली होती. कोणत्याही गावी जा, खोली तीच, टॉवेल तोच, दर तोच. अनोळखी गावात फसवणूक होणार नाही ही हमी प्रवाशाला प्रथमच मिळाली, आणि सामान्य कुटुंबांना प्रवास परवडू लागला. हे मोठंच काम होतं. पण सत्तरच्या दशकापर्यंत त्याचा शेवट असा झाला की सकाळी जाग आल्यावर आपण कोणत्या शहरात आहोत, हे खोलीकडे पाहून सांगता येईना.

याला वेगळी वाट काढणारे पहिले लोक युरोपातले. पॅरिसच्या सेन नदीच्या डाव्या काठावर, रू दे बोझार या आखूड गल्लीत, ज्या साध्या हॉटेलात १९००च्या नोव्हेंबरमध्ये ऑस्कर वाइल्डने प्राण सोडले, त्याच वास्तूचं १९६०च्या दशकात मोजक्या खोल्यांचं नटवलेलं ‘ल’ओतेल’ झालं. लंडनमध्ये अनुष्का हेंपेल या अभिनेत्रीने १९७८ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या रोलंड गार्डन्स या राहत्या वस्तीच्या रस्त्यावर व्हिक्टोरियन घरं जोडून ‘ब्लेक्स’ उघडलं. बाहेरून भिंती गडद रंगाच्या, आत प्रत्येक खोली निराळी. सॅन फ्रान्सिस्कोत १९८१ मध्ये बिल किंप्टन या गुंतवणूक बँकरने जुनी, पडीक छोटी हॉटेलं विकत घेऊन माफक खर्चात सजवायला सुरुवात केली, पहिलं ‘बेडफर्ड’. तिघांची सामग्री एकच होती. निवासी किंवा जुन्या वस्तीतली तयार इमारत, थोड्या खोल्या आणि एका माणसाची ठाम आवड.

श्रेगर आणि रुबेल या वाटेला लागले ते नाइलाजाने. ‘स्टुडिओ ५४’ एप्रिल १९७७ मध्ये उघडला आणि दोन वर्षांत करचुकवेगिरीच्या खटल्यात अडकला. दोघांनी गुन्हा कबूल केला. १९८० मध्ये शिक्षा झाली आणि सुमारे वर्षभराने ते सुटले. क्लब विकावा लागला. शिक्षा झालेल्या माणसांना दारूचा परवाना मिळणं अवघड, बँकेचं कर्ज मिळणं त्याहून अवघड. ठीकठाक भागातलं, दुर्लक्षित, छोटं हॉटेल एवढंच त्यांच्या आवाक्यात होतं.

आतली सजावट त्यांनी सोपवली ती आंद्रे पुत्मां या पॅरिसच्या डिझायनर बाईंकडे. वय साठीला टेकलेलं. तरुणपणी त्या पियानो शिकलेल्या. १९७८ मध्ये ‘एकार’ ही कंपनी काढून आयलीन ग्रे, रोबेर मॅले-स्टीव्हन्स अशा विस्मरणात गेलेल्या डिझायनरांचं फर्निचर त्यांनी पुन्हा बाजारात आणलं होतं. मॉर्गन्ससाठी पैसा बेताचा होता. संगमरवर परवडणार नव्हता, तेव्हा पुत्मांनी साध्या, स्वस्त टाइल्स घेतल्या आणि न्हाणीघरांच्या भिंतींवर काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा नेमका पट मांडला. त्याला जोड स्टीलच्या बेसिनांची. खोल्या लहान, रंग राखाडी आणि फिके, पलंग बुटके, भिंतीवर रॉबर्ट मेपलथॉर्पची कृष्णधवल छायाचित्रं. ती न्हाणीघरं जगभरच्या मासिकांत छापली गेली आणि पुढे पंचवीस वर्षं त्यांच्या नकला होत राहिल्या.

अशा हॉटेलात राहणं म्हणजे काय, हे तिथे उतरलेल्याला पहिल्या संध्याकाळीच कळे. मोठा दिवाणखाना नाही, झुंबरं नाहीत, लग्नाच्या वऱ्हाडाची धांदल नाही, अधिवेशनाला आलेल्या चारशे डॉक्टरांचे गळ्यातले बिल्ले नाहीत. टेबलामागचा माणूस दुसऱ्या दिवशी नावाने हाक मारतो, कारण लक्षात ठेवायला नावंच थोडी असतात. खाली उतरून डावीकडे वळलं की एका मिनिटात मॉर्गनचं ग्रंथालय, तिथे गुटेनबर्गचं बायबल पाहता येतं. ३६व्या रस्त्याने पूर्वेला चालत गेलं की १२५ क्रमांकाचं घर लागतं, जिथे फ्रँकलिन आणि एलेनॉर रूझवेल्ट यांनी लग्नानंतरची पहिली वर्षं काढली. आणखी पुढे स्निफेन कोर्ट ही छोटी बंदिस्त गल्ली आहे. १८६०च्या दशकातले विटांचे दहा तबेले, ज्यांची पुढे घरं झाली. ‘द डोअर्स’ या बँडच्या १९६७ सालच्या तबकडीचं मुखपृष्ठ तिथेच टिपलं गेलं. हॉटेलच्या गणितात या फेरफटक्याला मोल होतं. मोठ्या हॉटेलाला तलाव, बगीचा, दुकानं, सभागृहं स्वतःच्या छपराखाली उभारावी लागतात आणि त्यांचा खर्च खोलीच्या दरात बसवावा लागतो. छोट्या हॉटेलाला हे सारं शेजार फुकट पुरवतो.

अशा हॉटेलाला ‘बुटीक’ हे विशेषण लावण्याचं श्रेय रुबेलला दिलं जातं. इतर हॉटेलं ही डिपार्टमेंट स्टोअर असतील, तर आमचं हे बुटीक आहे, असा त्याचा दावा होता. तो बोलत होता तिथून तीन-चार रस्ते दक्षिणेला आल्टमनचं स्टोअर अजून चालू होतं. १९८९ मध्ये आल्टमनचं दिवाळं वाजलं. त्याच वर्षी जुलैमध्ये रुबेलही गेला, वयाच्या अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी. आल्टमनच्या महालात आता न्यूयॉर्कच्या नगर विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र भरतं.

मॉर्गन्सच्या दक्षिणेला दहा रस्ते चालत गेलेला भारतीय प्रवासी त्या काळात वेगळ्याच बाजारात पोचत असे. लेक्झिंग्टन ॲव्हेन्यूवर १२३ क्रमांकाच्या घरात १९४४ साली केरोप कालुस्त्यान या आर्मेनियन गृहस्थाने मसाल्यांचं दुकान काढलं होतं. याच घरात सप्टेंबर १८८१ मध्ये चेस्टर आर्थर यांनी अमेरिकेच्या अध्यक्षपदाची शपथ घेतली होती. १९६५च्या कायद्याने आशियाई स्थलांतरितांना दार उघडलं आणि त्यानंतर आलेली भारतीय कुटुंबं, त्यांत मराठी डॉक्टर-इंजिनिअर मंडळीही, हळद, हिंग, तूरडाळ घेण्यासाठी या रस्त्यावर येऊ लागली. आजूबाजूला साड्यांची दुकानं आणि इडली-डोशाची उपाहारगृहं निघाली. लोक त्या पट्ट्याला ‘करी हिल’ म्हणू लागले. ते करारबद्ध टेकडीच्या हद्दीबाहेर होतं, म्हणूनच तिथे दुकानं निघू शकली.

मॉर्गन्सचं यश पाहून याच जोडीने १९८८ मध्ये ४४व्या रस्त्यावर फिलिप स्टार्कने सजवलेलं ‘रॉयल्टन’ काढलं. रुबेलच्या मृत्यूनंतर १९९०मध्ये ‘पॅरामाउंट’ उघडलं. इथून प्रकाराचा स्वभाव बदलू लागला. हॉटेलचं दर्शनी दालन शहरातल्या लोकांनी येऊन बसण्याची, दिसण्याची जागा बनलं. मॉर्गन्समध्येही १९९७ साली ‘एशिया दे क्युबा’ हे उपाहारगृह आलं आणि लांबलचक सामाईक मेजावर रात्री गर्दी होऊ लागली. पाटी नसलेल्या दारात आता गाड्या थांबत होत्या. १९९८ मध्ये स्टारवुड या बड्या कंपनीने ‘डब्ल्यू’ ही साखळी सुरू केली, तिचं पहिलं हॉटेल लेक्झिंग्टन ॲव्हेन्यूवरच. किंप्टनचा सगळा पसारा २०१५ मध्ये हॉलिडे इनचीच मालकी असलेल्या ‘इंटरकॉन्टिनेन्टल’ समूहाने ४३ कोटी डॉलरला घेतला. श्रेगरने स्वतः मॅरियटच्या भागीदारीत ‘एडिशन’ ही हॉटेलं काढली. निराळेपणाचीही साखळी करता येते, हे सिद्ध झालं. पण त्या साखळीतली बरीच हॉटेलं शेकडो खोल्यांची आणि रहदारीच्या हमरस्त्यावर असतात. मॉर्गन्सची टाइल उचलता आली. १८४७चं खरेदीखत उचलता येणं शक्य नव्हतं.

२०१७ हे वर्ष या कहाणीत दाटीवाटीचं ठरलं. जानेवारीत अध्यक्ष ओबामा यांनी पद सोडताना श्रेगरला जुन्या गुन्ह्याची माफी दिली. उन्हाळ्यात त्याने लोअर ईस्ट साइडला ३६७ खोल्यांचं ‘पब्लिक’ उघडलं. आणि त्याच वर्षी, तेहेतीस वर्षं चालल्यावर, मॉर्गन्स बंद झालं. श्रेगरचा त्याच्याशी संबंध तोवर संपला होता. मालकी दोन-तीनदा बदलली होती.

शेजाराची व्यवस्था मात्र हॉटेलपेक्षा चिवट निघाली. २००२ मध्ये नगरपालिकेच्या वारसा आयोगाने मरे हिलचा काही भाग ऐतिहासिक क्षेत्र म्हणून जाहीर केला आणि २००४ मध्ये त्याची हद्द वाढवली. तिथल्या घराची खिडकी बदलायची तरी आता आयोगाची परवानगी लागते. २०२१च्या डिसेंबरमध्ये शहराने आणखी एक पाऊल टाकलं. न्यूयॉर्कमध्ये कुठेही नवं हॉटेल काढायचं, तर विशेष परवाना हवा, आणि त्यासाठी वस्तीतल्या लोकांसमोर जाहीर सुनावणी व्हायला हवी. सप्टेंबर २०२३ पासून घरगुती मुक्कामावरही बंधन आलं. तीस दिवसांहून कमी काळासाठी सबंध घर पर्यटकाला देता येत नाही. यजमानाने नोंदणी केलेली असावी, त्या दिवसांत तो घरात राहत असावा आणि पाहुणे दोनहून अधिक नसावेत. या नियमांवर शहरात कडाक्याचा वाद चालू आहे. भाड्याची घरं रहिवाशांसाठी मोकळी व्हावीत म्हणून काही जण त्यांच्या बाजूने उभे राहतात; खोली भाड्याने देऊन कर्जाचे हप्ते फेडणारे घरमालक आणि महागड्या हॉटेलांचे दर न परवडणारे प्रवासी विरोधात. नव्या छोट्या हॉटेलाचा प्रस्ताव आला की रहिवासी सभागृहात येऊन बसतात आणि माल उतरवणारी गाडी कुठे थांबणार, गच्चीवर बार होणार का, रात्री दार किती वाजता बंद होणार, हे प्रश्न मालकाला विचारतात.